फाइल घेऊन ये, बसू जरा

हे बघ, डिस्चार्ज कार्डावर ‘अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस, इडिओपॅथिक’ असं लिहून हातात दिलं आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली, हे मला तुझ्या फोनवरच्या आवाजावरूनच कळलं गं. स्वादुपिंडाला सूज आली, का आली ते सापडलं नाही, आता घरी जा. असं ऐकल्यावर कुणाला झोप लागेल? वरणभातसुद्धा भीत भीत खातेस म्हणालीस. पण खरं सांगू का, त्या शब्दाचा आज अर्थ एवढाच, की अ‍ॅडमिट होतीस तेवढ्या दिवसांत झालेल्या तपासण्यांत कारण दिसलं नाही. शोध अजून अर्ध्यावर आहे. आणि वॉर्डात त्यांची घाई वेगळी असते. सलाइन, दुखणं थांबवणं, बाकीचे अवयव नीट चालताहेत ना ते बघणं, हे कारण कुठलंही असलं तरी बहुतेक सारखंच. कारण कळायला हवं ते दुसरा झटका येऊ नये म्हणून. म्हणजे खरं काम आता, घरी आल्यावर सुरू होतं.

मला हे सगळं ठाऊक असण्याचं कारण तुला माहीतच आहे. आमच्या ह्यांना झालं होतं. तेव्हा पहिल्यांदा ‘लायपेज’ ऐकलं आणि मला ते कपडे धुण्याच्या पावडरीचं नाव वाटलं! पुढे फाइल लावायला शिकले, तर त्यात घाईत लाइटचं बिलही लागलं. डॉक्टरांनी ते शांतपणे उलटून पाहिलं आणि म्हणाले, “हे नॉर्मल आहे.” तर तू माझ्याहून हुशार आहेस. तुला हे जमणारच.

पहिलं काम फाइलचं. डिस्चार्ज कार्डावर भागवू नकोस, त्यात सगळं गाळून लिहिलेलं असतं. मला हवेत ते तू कॅज्युअल्टीत पोचलीस त्या दिवसाचे रक्ताचे रिपोर्ट. दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये लेखी अर्ज दे. आपल्याकडच्या वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांत, मागणी केल्यावर 72 तासांत कागद द्यायचे असं स्पष्ट आहे. काउंटरवरचा माणूस ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणाला तर गोड बोलून हा नियम सांग.

त्यात आधी अमायलेज आणि लायपेज बघ. पॅन्क्रियाटायटिस म्हणायला तीनांतल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात: वरच्या पोटात ठरावीक प्रकारचं तीव्र दुखणं, या दोनपैकी एक आकडा नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि सोनोग्राफी किंवा सीटी, एमआरआयमध्ये दिसलेली सूज. हे मुद्दाम सांगते, कारण अमायलेज थोडंसं वाढायला गालगुंड, किडनीचं दुखणं अशी दुसरीही निमित्तं असतात. आजारच तो नव्हता, तर त्याचं कारण कुठून सापडणार? तुझं मात्र तिन्ही जुळत होतं, म्हणजे हा प्रश्न मिटला.

आता त्याच पहिल्या दिवसाच्या कागदावर एसजीपीटी शोध. लिव्हरचा आकडा आहे, पण इथे तो पित्ताच्या खड्यांबद्दल सांगतो. दुखायला लागल्यापासून 48 तासांच्या आत तो 150 च्या वर गेलेला असेल, तर सोनोग्राफीत काहीही लिहिलेलं असो, डॉक्टरांचा संशय खड्यांवरच जायला हवा. नॉर्मल असला म्हणून खडे नाहीतच असं मात्र होत नाही. आणि हा आकडा दोनतीन दिवसांत खाली येतो बघ, म्हणून नंतरचा रिपोर्ट दाखवून काही उपयोग नाही.

तू म्हणशील, ताई, सोनोग्राफीत तर खडे नाहीत असं लिहिलंय. लिहिलंय गं. पण ती सोनोग्राफी कधी झाली? तू कळवळत होतीस, आतडी सुस्तावून गॅसनं फुगली होती. अशा वेळी पित्ताशय नीट दिसत नाही आणि बारीक खडे सहज सुटतात. पित्ताच्या नळीच्या टोकाशी अडकलेला खडा तर एरवीही सोनोग्राफीला दिसणं अवघड. म्हणून सूज उतरल्यावर ती पुन्हा करायची. रात्रभर उपाशी राहून सकाळी, आणि जाताना दुधाचा चहासुद्धा नाही, कारण काही खाल्लं-प्यायलं की पित्ताशय आकसतं. आपल्याला ते भरलेलं हवं.

खड्यांची गंमत म्हणजे ते करून सवरून नामानिराळे होतात. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी लहान आतड्याच्या सुरुवातीला एकाच तोंडाशी येऊन उघडतात. तिथे एवढासा खडा अडकला की स्वादुपिंडाचा रस मागे तुंबतो. 1901 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये यूजीन ओपी नावाच्या डॉक्टरांना शवविच्छेदनात नेमका तिथेच अडकलेला खडा सापडला, आणि हे कोडं उलगडायला लागलं. पण बाकीच्या पेशंटमध्ये तिथे खडा दिसायचाच नाही. मग 1974 मध्ये अर्जेंटिनाच्या अकोस्ता आणि लेडेस्मा यांनी काय केलं माहितीये? नाक मुरडू नकोस, पण त्यांनी अशा पेशंटचं शौच रोज गाळून तपासलं. 36 पैकी 34 जणांत खडे सापडले! अडकतात, आग लावतात आणि आतड्यातून निघून जातात. मला तर त्या दोघांचं फार कौतुक वाटतं. कुणी तरी ते काम करायलाच हवं होतं.

आणि खडा म्हणावा इतकाही तो मोठा नसतो कधी कधी. माठाच्या तळाशी गाळ बसतो ना, तसा पित्ताशयात बारीक कणांचा गाळ साठतो. साध्या सोनोग्राफीला तो दिसेलच असं नाही. तुझ्याबाबतीत मला याचाच दाट संशय आहे बघ. बाळंतपणाला वर्षही झालेलं नाही, आणि त्यानंतर तू ते काय ते डाएट करून भराभर वजन उतरवलंस. गरोदरपणात पित्ताशय सुस्त होतं, आणि वजन झपाट्यानं कमी केलं तरी पित्तात खडे धरतात. मी तेव्हाच म्हटलं होतं हळूहळू कर म्हणून, पण ते जाऊ दे. डॉक्टरांना या दोन्ही गोष्टी आपणहून सांग. त्यांनी विचारलं नाही म्हणून राहून गेलं, असं व्हायला नको.

दुसऱ्या सोनोग्राफीतही काही दिसलं नाही, तर पुढची पायरी एंडोस्कोपिक सोनोग्राफी, त्याला ते ईयूएस म्हणतात. तोंडातून दुर्बीण घालतात, तिच्या टोकाला सोनोग्राफीचं छोटं यंत्र असतं. ते जठरात आणि लहान आतड्यात जाऊन अगदी शेजारून पित्ताशय, नळ्या आणि स्वादुपिंड बघतं. पोटातला गॅस नाही, पोटावरची चरबी नाही, मध्ये काही येतच नाही. झोपेचं औषध देऊन करतात, बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. सूज पुरती उतरल्यावर, काही आठवड्यांनी केलेली बरी. सोबत किंवा नंतर एमआरसीपी, म्हणजे नळ्यांचा एमआरआय. त्यात नळ्यांची ठेवण कळते. एमआरआयच्या बोगद्यात डोळे मिटून स्तोत्र म्हण, वेळ जातो.

एका नावापाशी मात्र थांबायचं: ईआरसीपी. नावं सारखी वाटतात म्हणून सांगते. त्यात दुर्बीण नळीच्या तोंडाशी नेऊन तिच्यातून नळीत बारीक उपकरणं घालतात, अडकलेला खडा काढायला ती फार उपयोगी. पण तिच्यानं स्वतःच पॅन्क्रियाटायटिस होऊ शकतो. त्यामुळे ‘कारण शोधायला ईआरसीपी करून बघू’ असं कुणी म्हटलं, तर नम्रपणे विचार, “डॉक्टर, आधी ईयूएस किंवा एमआरसीपीनं भागेल का?”

आता जरा नाजूक गोष्ट. वॉर्डात सासूबाईंसमोर तुला दारूबद्दल विचारलं, आणि तू लाजेनं अर्धमेली झालीस. अगं, ते सगळ्यांना विचारतात. पित्ताचे खडे आणि दारू, हीच दोन कारणं सगळ्यांत मोठी. त्यांनी विचारलं नसतं तर मीच नावं ठेवली असती. पण उत्तर द्यायला एकांत मागायचा हक्क तुला आहे. जे असेल ते खरं सांग. लग्नातल्या एका ग्लास वाइननं सहसा हा आजार होत नाही. त्यामागे बहुधा वर्षानुवर्षांचं भरपूर पिणं असतं. आणि समज तुझ्या जागी तुझा नवरा असता, तर मी तुला म्हटलं असतं, तू खोलीबाहेर जा आणि त्याला डॉक्टरांशी एकट्याला बोलू दे. बायकोसमोर ‘कधीतरी’ म्हणणारे पुरुष डॉक्टरांसमोर आकडा सांगतात. याला दुसरी बाजूही आहे. कागदावर चुकून ‘अल्कोहोलिक’ असं लिहिलं गेलं, तर मेडिक्लेम अडू शकतो. तुझ्या कार्डावर तसं काही नाही ना, नीट वाच. असेल तर लगेच दुरुस्त करून घे. सिगारेट, विडी कुणी ओढत असेल तर तेही सांगायचं. धूर स्वादुपिंडालाही बाधतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पुन्हा फाइलकडे. ट्रायग्लिसराइडचा रिपोर्ट आहे का त्यात? असला तर तो कुठल्या दिवसाचा? ही रक्तातली चरबी 1000 च्या वर गेली की ती एकटी पॅन्क्रियाटायटिस करू शकते. पण उपाशी ठेवून सलाइनवर टाकलं की ती एकदोन दिवसांत खाली येते. पाचव्या दिवशी तपासली आणि ‘ठीक आहे’ म्हटलं, त्याला फारसा अर्थ नाही. आणखी एक लबाडी म्हणजे रक्तात चरबी फार असली की अमायलेजचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. तुझ्या फाइलमध्ये पहिल्या दिवसाचा रिपोर्ट नसेल, तर आता नेहमीसारखं जेवायला लागल्यावर उपाशीपोटी करून घे. सोबत साखर आणि थायरॉइडही, कारण ताब्यात नसलेला मधुमेह आणि मंदावलेलं थायरॉइड या चरबीला वर ढकलतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही तेच करतात. त्या चालू असतील तर आवर्जून सांग.

कॅल्शियमचं उलटं आहे. झटक्याच्या दिवसांत ते खाली जातं, म्हणून तेव्हाचा नॉर्मल आकडा फसवू शकतो. बरी झाल्यावर पुन्हा तपासायचं. वाढलेलं निघालं तर मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींकडे बघतात. आणि हो, ड जीवनसत्त्वाची ती 60,000 युनिटची पुडी! डॉक्टर सहसा आठवड्याला एक देतात, आणि आपल्याकडे कुणी तरी ती महिनाभर रोज दुधातून घेतं, ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून. तसं दीर्घकाळ घेतलं तर कॅल्शियम चढतं आणि स्वादुपिंड दुखावू शकतं. तुझ्या किचनमधल्या त्या गोळ्यांच्या डब्यात किती रिकामी पाकिटं आहेत, मोज.

मोजतेच आहेस तर पूर्ण डबाच पिशवीत घालून ने. “औषधं काय चालू आहेत?” असं विचारलं की आपण बायका “काही नाही” म्हणतो. मग आठवतं की गणपतीत पाळी पुढे ढकलायला गोळी घेतली होती, केसांसाठी काही चालू होतं, नणंदेनं काढा दिला होता, जिममधल्या मुलीनं वजनाची पावडर. यातलं बरंच निरुपद्रवी असेल, पण ते डॉक्टरांना ठरवू दे. औषधांमुळे होणारा पॅन्क्रियाटायटिस तसा कमीच. पण अझाथायोप्रिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, लघवीची काही औषधं यांची नावं त्या यादीत आहेत. आणि माझी शपथ आहे, यातलं एकही आपल्या मनानं बंद करायचं नाही. फिट्सची गोळी एकदम थांबवली तर वेगळंच संकट उभं राहतं.

बाकीची कारणं भराभर सांगते, कारण ती तुझ्या वाट्याला येण्याची शक्यता कमी आहे आणि इंटरनेटनं तुला ती आधीच दाखवून घाबरवलंय. जंत पित्ताच्या नळीत शिरून हे होतं, काश्मीरच्या डॉक्टरांनी त्याचा चांगला अभ्यास केलाय. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते, त्यासाठी आयजीजी-फोर नावाची रक्ततपासणी असते, पण ती सगळ्यांची करत नाहीत. स्वादुपिंडाच्या नळ्या जन्मापासून जोडल्या गेलेल्या नसणं, ज्याला पॅन्क्रियाज डिव्हायझम म्हणतात, हे कित्येक धडधाकट माणसांतही असतं. एमआरसीपीत ते दिसलं म्हणून कारण सापडलं असं लगेच धरायचं नाही.

कॅन्सरचा विचार तुझ्या मनात आहे, तू बोलली नाहीस तरी मला कळतं. स्पष्टच सांगते. चाळिशी उलटलेल्या माणसाला कारणाशिवाय असा झटका आला, तर डॉक्टर लपलेली गाठ नाही ना हे मुद्दाम बघतात. त्यात वजन आपोआप उतरत असेल किंवा मधुमेह नव्यानं निघाला असेल तर जास्तच. तू बत्तीस वर्षांची आहेस, आणि तुझं वजन तू स्वतः घाम गाळून उतरवलंस. शिवाय ईयूएस होईल तेव्हा तेही बघून होईलच. त्यासाठी वेगळं जागरण नको.

जीन्सची तपासणी आत्ता लगेच नको असं माझं मत. पहिला झटका अगदी लहान वयात आला असेल, रक्ताच्या नात्यात कुणाला स्वादुपिंडाचा त्रास असेल, किंवा झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर तिचा विचार होतो. 1996 मध्ये पहिला असा जीन सापडला. आपल्याकडे स्पिंक-वन हा जीन महत्त्वाचा ठरला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं 2002 मध्ये उष्ण प्रदेशात दिसणाऱ्या खडेवाल्या स्वादुपिंडाच्या आजाराशी त्याचं नातं दाखवलं. पण तो बदल निरोगी माणसांतही आढळतो गं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तू लेकीकडे बघून रडत बसशील, आणि उपचार मात्र फारसा बदलणार नाही. तेवढं तुझ्या माहेरी एक विचार: कुणाला तरुणपणीच मधुमेह झाला होता का, सतत पोट दुखायचं का, कुणी ‘अल्सरनं गेले’ असं म्हणतात का. जुन्या पिढीत वरच्या पोटातलं सगळं दुखणं अल्सर किंवा पित्ताच्या नावावरच जायचं.

समज, गाळ किंवा बारीक खडे निघाले. मग पित्ताशय काढायला सांगतील, दुर्बिणीतून. त्याला टाळाटाळ करायची नाही. ‘लेक मोठी होऊ दे’, ‘दिवाळी होऊ दे’ असं चालणार नाही, कारण वाट बघण्याच्या काळातच दुसरा झटका येतो. पित्ताशयाशिवाय माणूस व्यवस्थित जगतो, पुरणपोळीवर तूपही घेतो. आणि समज, काहीच निघालं नाही. तेही होतं. एकदा असा झटका येऊन गेलेल्या बऱ्याच जणांना पुन्हा कधीच येत नाही. तेव्हा मग नव्या नव्या डॉक्टरांकडे त्याच तपासण्या करत फिरायचं नाही. एकाच गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे राहायचं, साखर अधूनमधून बघायची, शौच तेलकट व्हायला लागलं किंवा वजन घटलं तर सांगायचं.

आणि पुन्हा दुखलंच तर? वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत जाणारं, न थांबणारं दुखणं, सोबत उलट्या, ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा. घरी ओवा-सोडा करत बसू नकोस. थेट हॉस्पिटल. आणि तिथे पोचल्यावर नवऱ्यानं सांगायचं, “आधी एकदा झालंय, कारण सापडलेलं नाही. सलाइन चढण्याआधी लायपेज, एसजीपीटी, ट्रायग्लिसराइड आणि कॅल्शियमसाठी रक्त घ्या.” हे एवढं एक वाक्य त्याच्याकडून पाठ करून घे. पाठ होत नसेल तर त्याच्या पाकिटात चिठ्ठी घालून ठेव. रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाला बायकोची जन्मतारीख आठवत नाही, एसजीपीटी कुठून आठवणार?

तर सोमवारी त्याला रेकॉर्ड रूमला पाठव, तू लेकीला घेऊन उन्हातान्हात जाऊ नकोस. अर्जावर तुझी सही आणि आधार कार्डाची प्रत लागेल. गॅस्ट्रोच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली घे, म्हणजे तोवर कागद हातात येतील. तारखेप्रमाणे लाव, सगळ्यात वर पहिल्या दिवसाचा रिपोर्ट. दोन झेरॉक्स काढ, एक माझ्याकडे ठेव. आणि सीटीची सीडी विसरू नका, नुसता कागद आणून देतात.